नीलव्वा आणि बाळाच्या खुर्चीचं कव्हर

आमच्या शेजारची नीलव्वा कापड डोळ्यांनी बघत नाही, कानाला लावते. दुकानात गेली की ठाणाचं एक टोक उचलायचं, कानाजवळ न्यायचं, दोन बोटांत चुरायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. सुती कापड गप्प असतं आणि खोटं कापड कुरकुरतं, असं तिचं म्हणणं. मी सारा जन्म टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवले, मला एकही टॉवेल कधी काही बोलला नाही. आणि नीलव्वाला ऐकू येतं ते दर वेळी खरं असतं असंही नाही. मागच्या दिवाळीला तिनं पारखून आणलेली साडी उन्हाळ्यात अंगाला अशी चिकटली की सोलून काढायची वेळ आली. मी म्हटलं, "ही बोलली न्हाय वाटतं." तर म्हणाली, "दुकानात पंखा लावला हुता आक्का. मुद्दाम."

ह्या बाईला सगळ्याचा संशय. गॅसची टाकी आली की ती आणणाऱ्याच्या देखत हलवून बघते. दूधवाल्याला आधी त्याच्याच मापातलं दूध प्यायला लावते. कुणी न विचारता चांगलं बोललं तर दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवते. मी वाटीभर साखर मागायला गेले तर आधी विचारते, "तुझी कुटं गेली?" आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच. मान तिरकी करून म्हणायचं, "ह्येच्यात काय तरी हाय."

तिचं माहेर दुधनी. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. नवरा होटगीला रेल्वेत होता. तो गेल्यावर पोराला, महांतेशला, तिनं एकटीनं शिकवलं. तो पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं, आणि नीलव्वा सोलापुरात, सात रस्ता चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत एकटी राहिली. पोराकडं का जात नाहीस म्हणून मी एकदा विचारलं होतं. "तितं पाणी गोड लागतंय," म्हणाली. "पाणी गोड कशाला लागावं?"

तर ह्या नीलव्वाला नात झाली. सून अश्विनी कोल्हापूरची, बाळंतपण तिच्या माहेरी झालं, बारसंही तिकडंच. नीलव्वा बारशाला जाऊन एका रात्रीत परत आली. नात कशी आहे विचारलं तर "हाय की," एवढंच. मला ते बरं वाटलं नाही. जी बाई टोमॅटोच्या चार चुका सांगते ती नातीबद्दल दोन शब्द बोलत नाही म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

नात चार महिन्यांची झाली तेव्हा महांतेशचा फोन आला. त्यानं गाडी घेतली होती. बाळाला पहिल्यांदा सोलापूरला आणायचं ठरलं होतं. गाडीत मागच्या सीटवर बाळासाठी वेगळी खुर्ची असते म्हणे, टोपलीसारखी, पट्ट्यांची. तिचं कव्हर काळं होतं आणि आपल्याकडच्या उन्हात तापेल, म्हणून त्याच कंपनीचं दुसरं घ्यायचं होतं. त्यानं चार कव्हरांचे फोटो पाठवले आणि म्हणाला, "अव्वा, ह्यातलं कुठलं घेऊ ते तू सांग."

नीलव्वा फोन घेऊन तडक माझ्याकडं आली. तोंड उतरलेलं.

"आक्का, गाडी घेताना मला इचारलं न्हाय. घर घेताना न्हाय. बायको बी मला इचारून केली न्हाय. आता कव्हर मला इचारतोय. ह्येच्यात काय तरी हाय."

"पोरगं मान देतंय तुला."

"मान न्हाय. पोरीला पुरळ उठलं की म्हनायला बरं, आजीनं निवडलं हुतं."

मग तिनं फोटो बघितले. एकावर हत्ती, एकावर चांदण्या, एक पिवळं, एक राखाडी. तिनं ते बोटानं मोठे केले, लहान केले, आणि मग, मी खोटं सांगत नाही, फोन कानाला लावला. जरा वेळ तशीच बसली.

"काय म्हनतंय हत्तीवालं?" मी विचारलं.

"ह्यातनं कापड कसं कळंल? म्हनूनच फोटो पाठिवलाय."

दुसऱ्या दिवशी मला ओढून सात रस्त्याला सलीमभाईच्या दुकानात घेऊन गेली. तिथं बाळांचं सामान मिळतं. सलीमभाई तिला ओळखतो. ती पायरी चढताना दिसली आणि त्यानं आपणहून पंखा बंद केला.

"बोला अव्वा. आज कुणाची चौकशी?"

तिनं खुर्ची बघायला मागितली. सलीमभाईनं खाली काढून दाखवली, आत एक बाहुली बसवली आणि खांद्यावरून, कमरेवरून पट्टे आणून पोटावर खटका लावला. नीलव्वा वाकून बघत राहिली.

"असं बांधायचं? चार महिन्यांच्या पोरीनं काय चोरी केली हाय का?"

"अव्वा, ब्रेक मारला तर उडंल की लेकरू. कायदा काय बी म्हनू द्या, जीव आपला हाय."

"मांडीवर घेतलं तर?"

"मांडी बी उडती."

"ही भावली रडत न्हाय म्हनून तू काय बी बोलतोस." मग तिनं कव्हराचं टोक कानाला लावलं. एकामागून एक सगळी कव्हरं ऐकली. एक उन्हात बघायचं म्हणून रस्त्यावर नेलं, तेव्हा सलीमभाई तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. संशय काय एकट्या तिलाच येतो असं नाही.

"कुरकुरतंय," परत येऊन ती म्हणाली. "ब्याड. नको मला."

"अव्वा, घेनार तुमचा पोरगा, पुन्यात. माझ्याकडं ती कंपनी बी न्हाय. मी कशापायी उभा हाय हितं?"

वाटेत तिनं मला तिचा बेत सांगितला. कव्हर ती स्वतः शिवणार. लहान बाळाला नवं कापड लावू नये, वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं लागतं, ही रीत आपल्यात आहेच. आमच्याकडं गोधडी म्हणतात, तिच्याकडं कौदी. खुर्चीच्या मापाची चार पदरी कौदी करायची आणि पुण्याला पाठवायची. मशीन माझं, दोरा माझा, लुगडं तिचं.

इथून मला तिचाच संशय यायला लागला.

एक तर ती लुगडं आणीना. आज आणते, उद्या आणते. दुसरं म्हणजे त्या दिवसांत ती अंगावर एकच जुनं इरकली लुगडं नेसून होती. रोज तेच. ही बाई उन्हाळ्यात दोनदा आंघोळ करणारी, हिची दोरीवरची साडी वाळली नाही असं कधी होत नाही. मला वाटलं बरं नसेल. विचारलं तर म्हणाली, "पानी कमी आलं." पाणी माझ्याकडंही तेवढंच येतं. माझी धुणी वाळत होती.

शेवटी ती लुगडं घेऊन आली. बघते तर तेच, इतके दिवस अंगावर असलेलं. माझ्या पुढ्यात टाकलं तेव्हा त्याला भाकरीच्या पिठाचा, विभूतीचा, घामाचा वास होता.

"हे धुऊन आन," मी म्हटलं.

"धुतलंय की."

"नीलव्वा, मला नाक हाय."

"तू शिव. लई चौकशा करू नगंस."

मी शिवलं. मनात म्हटलं, हिचं डोकं फिरायला लागलंय. कौदी मात्र देखणी झाली. चारी कोपऱ्यांना तिनं हातानं रंगीत तुकड्यांची फुलं लावली, डोळ्याला नीट दिसत नसताना. पट्टे कुठून येणार हे तेवढं दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं फोनवर पोराला कौदी दाखवली. अश्विनी मधे आली. गोड बोलली, पण सरळ बोलली. "आई, फार सुंदर झालीय. पण पट्ट्याखाली जाड काही घालता येत नाही. पट्टा आवळल्यासारखा वाटतो आणि आत ढिला राहतो. गाडी कुठं धडकली तर बाळ निसटेल. खुर्चीवर कंपनीचंच कव्हर लागतं. आपण ही पाळण्यात घालू ना."

 फोन माझ्या हातात देऊन नीलव्वा घरी गेली.

दोन दिवसांनी महांतेशनं मलाच फोन केला. "काकू, अव्वा म्हणतेय येऊ नका. ऊन लई हाय म्हणे, पोरीला बाधेल. पावसाळ्यानंतर बघू म्हणे. मी रजा टाकलीय. काय झालंय?"

मी चप्पल घातली आणि तिच्याकडं गेले. ती ज्वारी निवडत बसली होती. कौदी घडी करून बाजूला.

"नातीला येऊ नगं म्हनलीस?"

"ऊन हाय."

"सोलापुरात ऊन कवा नसतंय? सुनेनं कौदी नको म्हनली म्हनून रुसलीस. लेकराच्या जिवाचं बोलली ती."

"तिचं बरोबर हाय," नीलव्वा म्हणाली.

हे ऐकून मी खालीच बसले. एवढ्या वर्षांत तिनं कुणाचं बरोबर आहे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मग?"

तिनं दोन-चार खडे वेचले. मग ज्वारीकडं बघूनच बोलली.

"बारशाला मी नवं रेशमी नेसून गेले हुते. पोरीला माझ्याकडं दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं आनि अशी रडली आक्का, निळी पडली. सगळ्या बायका म्हनाल्या, आजी नवीन हाय, वळख न्हाय अजून. कोल्हापूरच्या आजीकडं दिली तर गप. रोज तिच्या अंगावर असती, तिचा वास ठावं हाय."

"मग?"

"पुन्यावरनं यायला चार-पाच तास लागत्यात. तेवढा येळ माझ्या लुगड्यावर निजून आली तर मला वाटलं, हितं उतरल्यावर... एकदम नवीन वाटनार न्हाय मी." तिनं सूप आपटलं. "न्हाय जमलं. आता हितं येऊन बी रडली तर गल्ली बघंल. मग नगंच येऊ दे."

न धुतलेल्या लुगड्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मी म्हटलं, "हे आधी सांगायला काय झालं हुतं? माझा रीळभर दोरा गेला."

मला असल्या वेळी दुसरं काही सुचत नाही. घरी आले आणि अश्विनीला फोन लावला. तिच्याशी मी तोवर चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते.

"खाली जाड चालत न्हाय ते कळलं. पट्टे लावून झाल्यावर वरनं पातळ फडकं टाकलं तर?"

"चालतं की काकू. तोंडावर येऊ द्यायचं नाही एवढंच."

"मग एक फडकं पाठवते. त्ये धुऊ नगंस."

"न धुता? काकू, बाळाच्या अंगावर?"

"आजीचा वास हाय त्याला. धुतलं की जाईल."

 फोन कटला की काय म्हणून मी बघितलं. मग ती म्हणाली, "बरं."

त्या "बरं"वर माझा काही विश्वास नव्हता. शिकलेल्या मुली समोर बरं म्हणतात आणि धुण्याच्या यंत्रात टाकतात. तरी मी आणि नीलव्वानं कौदी उसवली, त्यातला एक पदर काढला, मी त्याला बारीक काठ मारला. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं पुडकं दिलं. नीलव्वानं त्याला त्याच्या गावापासून आजोळापर्यंत सगळं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, सोनं हाय का आत?" ती म्हणाली, "तुला कशाला पायजे?"

ते आले तेव्हा दुपार टळटळीत होती. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या. नीलव्वा सगळ्यांच्या मागं, माझ्या आडोशाला. मी पुढं होऊन गाडीत बघितलं. खुर्चीला राखाडी कव्हर, चारांतलं सगळ्यांत वाईट. त्यात पोरगी पट्ट्यांत बसलेली, पायांवर आमचं फडकं. त्याचं एक टोक तिनं मुठीत धरून चोखून चोखून ओलं केलेलं.

महांतेशनं खटका काढला आणि पोरीला उचलून आईकडं दिलं. फडकं खुर्चीतच राहिलं. पोरीनं नीलव्वाकडं बघितलं. खालचा ओठ बाहेर आला. मग तिनं तोंड उघडलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा सूर लावला.

नीलव्वाचे हात तिथल्या तिथं ताठ झाले. "घे गं," ती अश्विनीला म्हणाली. "घे. तिला नगं हाय."

अश्विनीनं पोरीला घेतलं नाही. ती गाडीत वाकली, फडकं काढलं, नीलव्वाच्या खांद्यावर पसरलं आणि पोरीचं डोकं त्यावर अलगद टेकवलं. ओलं टोक तिच्या तोंडाजवळ आणलं. 

पोरगी आणखी थोडं रडली. मग रडता रडता नाक त्या कापडात घुसळलं. मग टोक चोखायला लागली. मग नुसते हुंदके राहिले, आणि मग तेही नाहीत.

बायका आपापल्या घरांत गेल्या. महांतेशनं सामान आत नेलं. अश्विनी दाराच्या सावलीत जाऊन उभी राहिली. नीलव्वा तशीच भर उन्हात, अनवाणी, रस्त्याच्या मधे. घाम तिच्या कानशिलावरून मानेवर उतरत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

मी म्हटलं, "आत चल गं. पाय भाजत्याल."

ती हलली नाही. ओठसुद्धा नीट न हलवता, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "जरा थांब. निजू दे."