टोपी घालून कट्ट्यावर

मॉडेम कुरकुरायला लागला की वसंतअण्णा टोपी घालत. काळी, जुनी, दुकानाच्या खुंटीवरची. शर्टाचं वरचं बटण लावत आणि मगच संगणकासमोर बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं.

"हसताय काय इनामदार? आत मंडळी बसल्यात. बोडक्या डोक्यानं जायचं?"

जुन्या हुबळीत त्यांचं खणांचं आणि धोतरांचं दुकान. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण प्रत्येक वाक्याला 'हौदल्ल?', म्हणजे 'हो ना?', अशी कानडी शेपटी. मी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका इंटरनेट कंपनीत होतो. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांना धीर द्यायचा, एवढंच काम. अण्णांना जोडणी मीच दिली, न्यूजग्रुपही मीच दाखवला. एकानं पत्र टाकायचं, जगभरच्या सभासदांनी वाचायचं आणि उत्तर द्यायचं, असा तो प्रकार. परदेशी गेलेल्या मराठी लोकांचा एक ग्रुप अण्णांनी धरला आणि त्याला 'कट्टा' म्हणायला लागले.

कट्ट्यावर जायची रीतही त्यांनीच बसवली. आधी प्रत्येकाला नावानं नमस्कार, मग तब्येतीची चौकशी, मग विषय. सगळं रोमन अक्षरांत, एका बोटानं. विषय येईपर्यंत दुकानातलं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई.

"जाऊ दे हो. खण उद्याही घेता येतो. लंडनच्या वहिनींचा गुडघा आज दुखायलाय, हौदल्ल?"

विषय मात्र बहुधा एकच असे: कॅनडातले आपटे. आपट्यांचं कॉलेज धारवाडात झालेलं. चुरमुऱ्याच्या गिरमिटात, म्हणजे इकडच्या भेळेत, कांदा कच्चा की परतलेला, यावर दोघांची जुंपली होती आणि ती मिटावी असं दोघांनाही वाटत नव्हतं. दुकान बंद करताना अण्णा मला फोन करून आजचा घाव वाचून दाखवत. मी जांभई दाबून "वा" म्हणे.

एकदा त्यांनी लिहिलं, "कॉलेज धारवाडात काढलं म्हणून जीभ धारवाडची होत नाही."

त्यावर उत्तर आलं नाही. आपट्यांचं नाही, लंडनच्या वहिनींचं नाही, कुणाचंच नाही.

अण्णा ऑफिसात आले. "इनामदार, तुमची मशीन बरी आहे नव्हं?"

मी समोरच्या डब्यावरचे हिरवे दिवे पाहिले. "सगळं ठीक आहे, अण्णा."

"मग मला वाळीत टाकलं," ते म्हणाले. "जिभेवर गेलो मी. माणसानं कांद्यावर थांबावं."

नंतर माफीची पत्रं सुरू झाली. आधी त्यांनी आपट्यांची माफी मागितली, मग एकेकाची नावानं. एका पत्रात त्यांनी परतलेला कांदासुद्धा मान्य केला. हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज इतका पडला, की मी "वा" म्हणालो नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, कट्टा गप्पच.

त्यातच कंपनीचा निर्णय आला: न्यूजग्रुप बंद. वापरणारं कुणी नाही. ई-मेल आणि वेब तेवढं चालू राहील. गावात दुसरं कुणी ही सोय देत नव्हतं. अण्णांना मीच सांगितलं.

त्यांनी भांडण केलं नाही. "दसऱ्यापर्यंत ठेवा. सगळ्यांना बन्नी देतो, मग करा बंद. दसऱ्याला वैऱ्याची बन्नीसुद्धा कुणी नाकारत नाही, हौदल्ल?" बन्नी म्हणजे शमीची पानं. आमच्याकडे दसऱ्याला ती सोनं म्हणून देतात आणि वर्षाचं भांडण तिथं संपतं.

मुदत मागायला मी बेंगळूरुच्या मुख्य ऑफिसला फोन लावला. पलीकडचा इंजिनियर हसला. "ठेवा की. बाहेरची जोडणी आम्ही उन्हाळ्याच्या आधीच तोडलीय. आता कुणी लिहिलं तर ते आपल्याच मशीनवर पडून राहतं. वापरतंय कोण?"

दसऱ्याला दुपारी मी दुकानात गेलो. अण्णा टोपी घालून बसले होते. बन्नीचं पत्र नुकतंच टाकलं होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हापासून माझं एकही पत्र गेलं नाही?"

"नाही."

"आणि त्यांचं?"

"इथवर पोचतच नव्हतं. मी दिवे बघून ठीक आहे म्हणालो, अण्णा. चुकलंच."

ते मोठ्यानं हसले. "अहो, म्हणजे मला वाळीत टाकलं नव्हतं!" पेढ्याचा पुडा उघडून त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. "परतलेला कांदाही कुणी वाचला नाही. अब्रू वाचली!"

मग हसणं हळूहळू थांबलं.

"तिकडं आपट्यांनी लिहिलं असेल नव्हं? चारचारदा लिहिलं असेल. म्हणत असतील, म्हातारा एवढ्याशा कांद्यावरून रुसला."

पत्ता असता तर ई-मेल करता आली असती. पण जुनी पत्रं आमची मशीन आपोआप पुसून टाकी. कॅनडातले आपटे, यापलीकडे अण्णांना काही ठाऊक नव्हतं. कट्ट्यावर रोज भेटणाऱ्याचा पत्ता कोण विचारतो?

ताटातली बन्नी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी आणखी एक डहाळी दिली.

"ही आपट्यांची. तुमच्याकडं लोक तक्रारी घेऊन येतात. कधी कुणी आपटे आले, तर द्या."

कॅनडाचा माणूस लॅमिंग्टन रोडवर कशाला येईल? तरी मी ती डहाळी खिशात घातली.

पायरी उतरताना मागं मॉडेमची कुरकुर ऐकू आली. वळून पाहिलं, तर अण्णा वरचं बटण लावत होते.