ओढायचं नाय, सोडायचं नाय

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी आप्पा आहेर एक न दिसणारा माठ छातीशी धरून उभे असतात. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात गोल, डोळे अर्धे मिटलेले. दूधवाला त्यांना वळसा घालून जातो. नव्या भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी मला, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला, फोन केला, "खाली एक आजोबा अडकलेत."

अडकले नव्हते. ताय ची करत होते. "झाड झालोय," ते मला म्हणाले, "मुळं खाली जाऊ देतोय."

ही चिनी विद्या आप्पांना जॉगिंग ट्रॅकवर एका गृहस्थांनी शिकवली. ते बोटीवरच्या नोकरीत कुठल्याशा पूर्वेकडच्या बंदरात शिकून आले होते. आप्पांचं आयुष्य मात्र देवळ्याकडे बैलांच्या व्यापारात गेलेलं, त्यामुळे चीन त्यांच्या तोंडून बैलबाजारामार्गे बाहेर पडतो. "भाऊ, बैल शिंग मारायला आला का आडवं व्हायचं नाय. त्याच्यासंगं मागं सरायचं. मंग त्याचा जोर आपोआप रिकामा व्हतो." माणसांनाही ते बैलासारखंच पारखतात. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा. कशाचं ओझं वाहता?" मी जात्याच घाबरट आहे, पण ते खांद्यावर दिसतं हे ठाऊक नव्हतं.

पुढे हे गुरुजी मुलाकडे बंगळुरूला गेले आणि आप्पांना जोडीदार उरला नाही. या विद्येत समोरच्याच्या मनगटाला मनगट टेकवायचं आणि तो हलेल तसं हलायचं, असा एक सराव असतो. आप्पांचा मंत्र एकच: "ओढायचं नाय, सोडायचं नाय." मग जो सापडेल त्याचं मनगट! वॉचमन त्यांना पाहून पंपरूममध्ये लपायचा. मी पेपर आणायला खाली उतरलो की हमखास सापडायचो. "बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायचा," ते डोळे मिटून सांगायचे. "समोरचा कुठं डळमळतो ते बोटाला आधी कळायचं. आता बघा, तुम्ही उजवीकडं पडणार."

आणि मी पडायचो.

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा. कारण वर तिसऱ्या मजल्यावर काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, तोल जात होता. एकदा त्या ओट्याजवळ पडल्या. पुन्हा पडलात तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि काकूंना कुणी हात धरलेला खपत नाही. "मी काय म्हातारी झाली का?" म्हणून झटकतात, आणि त्या झटक्यानेच अर्ध्या कलंडतात. दिलेली काठी त्यांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला लावली. अशी बायको घरात असताना हा माणूस खाली माठ धरून उभा!

मग सटाण्याला काकूंच्या भाचीचं लग्न निघालं, आणि नेमकी त्याच सकाळी लिफ्ट बंद पडली.

शिव्या खायला सेक्रेटरी मीच. मेकॅनिक सातपूरहून "निघालोच" म्हणत होता. खुर्चीत बसवून उतरवू, असं मी सुचवलं.

"उचलून मेल्यावर नेत्यात," पैठणी नेसून दारात उभ्या काकू म्हणाल्या. "मी चालत जाणार."

आप्पांनी चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरले आणि काकूंकडे तोंड करून उभे राहिले. गुडघे किंचित वाकलेले. "सकाळपासून गरगरतंय मला. उलटा उतरलो का बरं वाटतं. जरा हाताला हात लावून ठेव."

"मग यायचंच कशाला?" काकू म्हणाल्या, पण मनगट टेकवलं.

मी मागे. काकू एक पायरी उतरत, आप्पा मागे न बघता एक पायरी सरत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकूंच्या पायात निऱ्या अडकल्या. मी ओरडलो. काकू पुढे झुकल्या आणि आप्पा मनगट न सोडता त्यांच्याबरोबरच खाली दबत गेले. सगळा झोक आप्पांच्या हातातून कमरेत आणि कमरेतून तळपायात उतरला. काकू सरळ झाल्या. आप्पांनी त्यांना धरलंही नव्हतं.

"बघा, आत्ता पडले असते तुम्ही!" काकू त्यांच्यावरच खेकसल्या. "मी व्हते म्हणून वाचले."

"हा ना," आप्पा म्हणाले. "तू व्हती म्हणून."

काकू गाडीत बसल्यावर आप्पा पार्किंगच्या खांबाला टेकले. वरून आणलेल्या चपला मी त्यांच्यापुढे ठेवल्या, तरी ते खांब सोडेनात.

"घाबरलात?" मी विचारलं.

"लय. रोजच घाबरतो." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "तिच्यावर सराव करता येत नाय ना, भाऊ. चुकलो तर ती पडंल. म्हणून तुम्हाला पाडत व्हतो."

हल्ली पेपरवाला पेपर वर दारातच टाकून जातो. तरी मी सकाळी खाली उतरतो, मनगट पुढे करतो आणि उजवीकडे पडतो.