सगुणाबाईंनी चेनीला तेल घातलं

"शिलाई मशीन काय नि सायकल काय, दोन्ही पायानंच चालतात! मला मशीन येते, म्हणजे सायकल येणारच!"

सगुणाबाईंनी भर सभेत हे ठणकावून सांगितलं आणि सायकल सहकारी मंडळातल्या समस्त पुरुषांनी त्यांना सभासद करून घेतलं. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीत वरच्या आळीत हे मंडळ नुकतंच निघालं होतं. रविवारी सकाळी जमायचं, ज्याला जे येतं ते त्यानं फुकट करायचं आणि आळीतल्या सायकली धडधाकट ठेवायच्या. म्होरक्या होता एस.टी.च्या वर्कशॉपमधला महिपत. जागा अप्पा करंदीकरांच्या पडवीतली, आणि अप्पांची अट एकच. "पलीकडे देवघर आहे. मासळीचा नुसता वास आला, तरी त्याच दिवशी मंडळ रस्त्यावर!"

सगुणाबाईंकडे काम आलं तेल घालायचं. त्यांना सायकल चालवता येत नव्हती. पण ते कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या रविवारी अप्पा जवळच्या नाचणे गावाला निघाले होते. नातीची, राहीची सोयरीक पक्की करायला! मुलगा मुंबईत बँकेत, घराणं सोवळ्यातलं.

"सगुणाबाई, चेन फार करकरते हो. व्याह्यांच्या दारात शोभा नको."

"काळजीच सोडा अप्पा! लोण्यासारखी पळेल!"

मंडळाची बुधली रिकामी होती, म्हणून बाईंनी घरून मशीनच्या तेलाची बाटली आणली होती. अप्पांच्या चेनीला त्यांनी बारशाच्या बाळासारखं न्हाऊमाखू घातलं. उरलेलं तेल महिपतच्या सायकलीला.

अप्पांनी नाक वर केलं. "हा वास कुठून?" तेवढ्यात रस्त्यावरून एक मासेवाली पाटी घेऊन चालली होती. अप्पांनी तिच्यावरच डोळे वटारले, धोतर सावरलं आणि निघाले. सगुणाबाईंना कसलाच वास आला नाही. त्यांचं माहेर मिरकरवाड्याचं, मासळीच्या बंदरावरचं. तिथं जन्मलेल्या नाकाला मासळीचा वास म्हणजे नुसती हवा!

बाई घरी आल्या तर नवरा, काशीराम, पाय पसरून गुडघे चोळत बसलेला.

"गो, तुझ्या भावाच्या तेलात आता दम नाय राहिला. किती चोळला तरी गुडघा तापत नाय. आणि वास तर अजिबातच नाय!"

सगुणाबाईंनी त्याच्याजवळची बाटली नाकाला लावली. मशीनचं तेल! भावानं गुडघ्यांसाठी पाठवलेलं मुशी माशाचं तेल अगदी तसल्याच खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत होतं. मग आपण सकाळी चेनीला...

"अगो बाय माझे!"

 सोवळ्यातलं घर. त्यात शिरणारे अप्पा, आणि धोतराच्या काठाला मुशी! लग्न मोडणार. राही जन्मभर तोंड बघणार नाही. मंडळ रस्त्यावर. आणि आळी बोट दाखवणार ते एकट्या सगुणाबाईंकडे! नाचण्याला निरोप धाडावा, तर आळीतला एकुलता एक फोन गणपतीपासून बंद.

त्या धावत महिपतकडे गेल्या.

"महिपत, मला नाचण्याला सोड!"

"तुमीच घ्या की माझी सायकल."

"मेल्या, मला चालवता येत नाय!"

"काय? मग सभेत..."

"ते मागाहून बोल! आधी पेडल मार!"

बाई कॅरिअरवर बसल्या आणि वरात निघाली. वरातच! माळनाक्यापर्यंत मागं दोन मांजरं होती. पुढं त्यांनी आपले पाहुणे बोलावले. चढावर महिपत फेस आल्यागत धापा टाकू लागला, की मांजरं चेनीपर्यंत पोचायची. सगुणाबाई एका हातानं महिपतचा सदरा धरून दुसऱ्या हातातल्या चपलेनं त्यांना हाकलायच्या. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. कुणी ओळखू नये म्हणून बाईंनी पदर नाकापर्यंत ओढला.

नाचण्याला घर शोधावं लागलं नाही. तुळशीपाशी अप्पांची सायकल उभी होती आणि भोवती पंगत बसल्यासारखी मांजरं! एक गलेलठ्ठ बोका डोळे मिटून चेन चाटत होता.

ओसरीवर मात्र सुतक पडलेलं. अप्पांच्या भुवया वर चढलेल्या. मुलाचे वडील आढ्याकडे बघतायत. मुलाची आई, यमुनाबाई, पदरानं डोळे पुसतायत. आणि मुलगा, मुकुंद, मान खाली घालून उभा.

मोडलं!  सगुणाबाईंनी डोळे गच्च मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "वास अप्पांचा नाय, तुमचापण नाय! चेनीचा आहे! मी मुशीचं तेल घातलं! चूक माझी, पोरीचं लग्न मोडू नका!"

 मग मुकुंदनं हळूच मान वर केली.

"बाई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "थोडं आधी यायचंत हो!"

झालं होतं ते असं. अप्पा बसले आणि वास सुटला. अप्पांना वाटलं, वास यजमानांचा. यजमानांना वाटलं, अप्पांचा. भिडेपोटी कुणीच बोलेना! शेवटी अप्पांनी भुवया उंचावून मुकुंदकडे पाहिलं. त्याला वाटलं, पकडलो! आणि त्यानं आपणहून कबूल केलं, की मुंबईत खानावळीत आपण बांगडे खातो.

"नुसते बांगडेच?" अप्पांनी विचारलं.

"पगार झाला की सुरमई," मुकुंद म्हणाला. यमुनाबाईंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

अप्पांनी धोतराचा काठ उचलून नाकाला लावला. मग एकदम हसले. "विचारल्याशिवाय खरं बोलणारा जावई आमच्या घराण्यात अजून आलेला नाही. सोयरीक पक्की! यमुनाबाई, साखर आणा."

सगुणाबाईंचा जीव भांड्यात पडला. तरी त्यांनी चाचरत विचारलंच, "अप्पा, आणि पडवी?"

"आता जावईच त्या वासाचा आला, तिथं पडवीचं काय घेऊन बसलात!"

पुढच्या रविवारी महिपतनं सगुणाबाईंच्या हातातून बुधली काढून घेतली आणि पंप दिला. हवेला वास नसतो, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच सायकलीला त्यांनी अशी मन लावून हवा भरली की ट्यूब फाटकन फुटली आणि देवघरात पूजा करणारे अप्पा घंटी टाकून बाहेर धावत आले!

ट्यूब मुळातच जुनी होती, असं सगुणाबाई अजूनही सांगतात.