नांदेडहून आलेला आवाज

"प्रति, मॅनेजरसाहेब, वर्कशॉप विभाग, नांदेड. लिहिलं का?"

"लिहिलं," पंचफुला म्हणाली. घरात चांगलं अक्षर तिचं एकटीचं. त्यामुळे तक्रार नवऱ्याची आणि हात तिचा.

"दिनांक आठ डिसेंबर एकोणीसशे सत्त्याऐंशी. विषय, सर्व्हिसिंगनंतर गाडीतून येणारा आवाज."

"कसला आवाज लिहू?"

दिनकरराव अडले. जिंतूरच्या पंचायत समितीत ते कृषी विस्तार अधिकारी होते. कपाशीवरच्या कुठल्याही रोगाचं वर्णन त्यांना तोंडपाठ होतं, पण हा आवाज पकडीत येत नव्हता. खडखड नाही, खणखण नाही. फुटक्या पातेल्यावर कुणी थांबून थांबून टिचकी मारावी तसा.

"खट्ट," ते शेवटी म्हणाले. "खट्ट असा आवाज, असं लिही."

"अहो, मॅनेजर हसंल की."

"हसू दे. शुक्रवारच्या आत हसला म्हणजे झालं."

पत्र इथे थांबलं. पत्रात येणार नव्हतं ते असं:

दिनकररावांच्या आईच्या, धुरपताबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तीन वर्षं दिनकरराव ऑपरेशनला चल म्हणत होते आणि तीन वर्षं ती म्हणत होती, "मला काय आता पोथी वाचायची हाय?" माणूस ती चपलेच्या आवाजावरून ओळखायची, सून बांगड्यांवरून आणि करपलेली भाजी सुनेच्याही आधी. आणि गेल्या शनिवारी, गाडी नांदेडहून सर्व्हिसिंग होऊन आली त्याच संध्याकाळी, कुणी काही विचारलेलं नसताना जेवता जेवता म्हणाली, "डोळ्याचं कवा हाय?"

दिनकररावांचा घास हातातच राहिला. परभणीला शुक्रवारी नेत्रशिबिर होतं. त्यांनी सोमवारी ऑफिसात जायच्या आधी तिचं नाव नोंदवलं. तिची अट एकच होती.

"येष्टीत मी जायची न्हाई. आपल्या गाडीत जाईन. आन् वाटंत गाडी अडली तर तितूनच माघारी. मंग मला पुन्यांदा म्हनायचं न्हाई."

ही अट घातली शनिवारी. रविवारी सकाळी गाडीने पहिला खट्ट केला.

गाडीबद्दलही एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. ती परभणीच्या एका वकिलाने नऊ वर्षं वापरलेली फियाट होती. दुसऱ्याने वापरलेली वस्तू दारात आणायची नाही हा धुरपताबाईचा कायदा, म्हणून तिला ती नवीकोरी असल्याचं सांगितलं होतं. तिला दिसत नव्हतं. त्यामुळे सहा महिने गाडी नवीच होती.

पत्र पुढे चालू.

तेवढ्यात शेजारचे बन्सीधर आले. त्यांचं खताचं दुकान होतं. त्यांनी आयुष्यात गाडी घेतली नव्हती, त्यामुळे गाडीबद्दल त्यांना कसलीच शंका नव्हती.

"पार्ट बदलला," ते गाडीजवळही न जाता म्हणाले. "तिथं काय करतेत, चांगलं सामान काढून घेतेत आन् जुनं बसवतेत. आमच्या साडूच्या जीपचं असंच झालं."

"मग काय केलं त्यांनी?"

"इकली."

दिनकरराव पंचफुलाकडे वळले. "लिही. गाडीचा मूळ पार्ट काढून घेतल्याचा दाट संशय आहे."

"कोणता पार्ट?"

"ते त्यांना माहीत असणार. 'संबंधित पार्ट' असं लिही."

संध्याकाळी सिताराम मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, डोळे मिटले, मान डोलावली.

"सायब, आवाज कुठाय?"

"उभ्या गाडीला येत नाही. चालल्यावर येतो."

"मंग चालवा. मी ऐकतो."

"आत बस की."

"आत बसून डाक्टर नाडी बघतो का?"

दिनकररावांनी गाडी सावकाश बाजाराच्या रस्त्याने घेतली आणि सिताराम बॉनेटला कान लावून शेजारून पळू लागला. बाजारातल्या लोकांना वाटलं, मिस्त्रीचा सदरा गाडीत अडकलाय आणि साहेब त्याला फरफटत न्यायलेत. चौघांनी आडवं होऊन गाडी थांबवली. एकाने दार उघडून दिनकररावांची कॉलर धरली. सिताराम धापा टाकत ओरडत होता, "सोडा त्यास्नी. मला ऐकू द्या."

ऐकून झाल्यावर त्याने पुढच्या बाजूचा दिसेल तो नट आवळला. खट्ट तसाच राहिला. मात्र आता गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायला लागला.

"हे आधी नव्हतं," दिनकरराव म्हणाले.

"आता हाय," सिताराम म्हणाला. "म्हंजी फॉल्ट बाहेर पडायलाय."

पत्रात भर पडली : डावीकडे वळताना हॉर्न वाजतो, हा दोषही आपल्याकडीलच समजावा.

बुधवारी बन्सीधरांनी उपाय काढला. गाडी हलकी आहे, मागे वजन टाका. त्यांनी स्वतःच्या दुकानातून युरियाच्या दोन गोण्या आणून डिकीत टाकल्या. गाडीचं बूड खाली गेलं आणि जिथे एक खट्ट व्हायचा तिथे दोन होऊ लागले.

"बघा," बन्सीधर म्हणाले, "फरक पडला का न्हाई?"

धुरपताबाई अंगणात बाजेवर बसून हाताने चाचपत तुरीच्या शेंगा सोलत होती. दिनकरराव तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, गाडीचा कसला आवाज येतो का गं तुला?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाली.

दिनकरराव घरात आले आणि हळू आवाजात बोलले, "पंचफुला, डोळ्यांबरोबर कानाचंही दाखवावं लागतंय."

गुरुवारी सितारामने शेवटचं मत दिलं. इंजिन खाली उतरवायचं, चार दिवस लागतील. दिनकररावांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, डिकीतल्या गोण्या परत केल्या आणि पत्र रजिस्टरने पाठवून दिलं. शेवटचं वाक्य होतं, 'उद्या वाटेत गाडी बंद पडून माझ्या मातोश्रींची दृष्टी कायमची गेल्यास त्यास आपण जबाबदार राहाल.' हे वाक्य लिहिताना पंचफुलाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा जास्त जपून लिहिलं.

शुक्रवारी सकाळी सातला गाडी निघाली. पुढे दिनकरराव, मागे सासू-सून. खट्ट. दिनकररावांचा घाम स्टिअरिंगवर उतरत होता. प्रत्येक डाव्या वळणावर हॉर्न वाजायचा आणि रस्त्यावरची शेळी-करडं बाजूला व्हायची.

"शहाणी हाय," धुरपताबाई म्हणाली. "न सांगता वरडती."

खट्ट, खट्ट. बोरी आली, बोरी मागे गेली. आणि एका खड्ड्यानंतर आवाज थांबला.

दिनकरराव कान देऊन ऐकत राहिले. एक मैल. काही नाही. इंजिन लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. त्यांनी पाच दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

"पंचफुला, थांबला गं."

"हो की वं. एकदम बंद."

"दिनकर," मागून धुरपताबाई म्हणाली, "गाडी थांबीव."

"का? काय झालं? मळमळतंय का?"

"थांबीव म्हनते ना. काई तरी पडलंय. जाऊन बघ. त्याच्याबिगर मी म्होरं येत न्हाई."

गाडी थांबली. अडली नव्हती, आईनेच थांबवली होती, पण माघारी जायला तेवढं कारण तिला पुरलं असतं. दिनकरराव उन्हातून खड्ड्यापर्यंत चालत गेले. वाटेत त्यांनी गाडीचा संबंधित पार्ट कसा दिसत असेल याची बरीच कल्पना केली. तासाभराने घाम पुसत परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक पितळी घंटा होती. तडा गेलेली, कडीला तुटक्या सुतळीचं टोक.

"गाडीचं काही नाही," ते म्हणाले. "कुणाच्या तरी बैलाची घंटी पडलीय."

"कुणाच्या तरी न्हवं," धुरपताबाईने हात पुढे केला. "आपल्या हरण्याची हाय. आन इकडं."

पंचफुलाने पदर तोंडाला लावला. दिनकरराव रस्त्याच्या कडेला उभेच राहिले.

"आई, ही गाडीला कोणी बांधली?"

"मीच. मागल्या लोखंडाच्या आतून. रविवारी पाटंचं, तुमी उठायच्या आत."

"अगं पण का?"

धुरपताबाई थोडा वेळ बोटांनी घंटेचा तडा चाचपत बसली.

"आधी कसं हुतं, तुजी मोटार गल्लीच्या तोंडाला आली की खुळखुळ ऐकू यायची. मी पाय वर घ्यायची. शनिवारी तू नांदेडवरून आलास आन् अंगनात मागं घेतलीस, तर आवाजच न्हाई. बाजंच्या पायाला टेकली तवा मला कळलं, मोटार हाय म्हनून."

"मला कळलंच नाही," दिनकरराव म्हणाले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आंधळी झाले म्हनू?" ती म्हणाली. "म्हनून तर जेवताना डोळ्याचं इचारलं. आन् शुक्रवारपतोर जित्ती ऱ्हावं म्हनून घंटी बांधली."

एक ट्रक धूळ उडवत गेला. दिनकररावांना रजिस्टरची पावती आठवली, ती खिशातच होती.

"अन् मी तुला विचारलं तेव्हा आवाज येत नाही म्हणालीस."

"तू हसला असतास. मोटारीला कुणी घंटी बांधतंय का?" ती म्हणाली. "आता बांध ती परत. परभनीत लय गर्दी ऱ्हाती."

दिनकररावांनी पंचफुलाच्या पिशवीची नाडी सोडून घंटा बंपरच्या आत बांधली. पुढचा सगळा रस्ता खट्ट होत राहिला आणि ते चक्क शीळ घालत होते. शिबिराच्या फाटकात गाडी डावीकडे वळली तेव्हा आल्याची वर्दी हॉर्ननेच दिली.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने धुरपताबाईला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. पंचफुलाकडे बघून ती म्हणाली, "वाळलीस गं." मुलाकडे बघून म्हणाली, "पिकलास." मग चपला घालून एकटीच अंगणात गेली.

दिनकरराव आत दुसरं पत्र सांगत होते. शरमेपायी ते महिनाभर लांबलं होतं.

"प्रति, मॅनेजरसाहेब. दिनांक अकरा डिसेंबरपासून माझी तक्रार रद्द समजावी. आपण गाडी इतकी उत्तम केली होती की ती आलेली कळलीच नाही. त्यामुळे माझ्या मातोश्रींना दृष्टी आली. संबंधित पार्ट सापडला आहे."

"हॉर्नचं?"

"हॉर्नचं आपलं आपल्यात ठेव."

"दिनकर," अंगणातून हाक आली.

धुरपताबाई गाडीभोवती दुसरी फेरी मारत होती. दाराच्या खालच्या कडेला रंग उडून गंज आला होता, तिथे ती वाकली. मग मडगार्डवरचा एक ओरखडा तिने बोटाने दाखवला. नखाएवढा होता. दिनकररावांना स्वतःला तो आजवर दिसला नव्हता.

"ही नवीकोरी हाय?"

दिनकरराव त्या ओरखड्याकडे पाहत राहिले. नखाएवढा. दोन पावलांवरून तिने तो पाहिला होता. त्यांना खरं तर खाली मान घालायची होती, पण तोंड आपोआप पसरत गेलं.

"हसायला काय झालं? पंचफुले, तो कागद आन् पेन घिऊन हिकडं ये. माजी बी तक्रार हाय."

पंचफुला बाजेवर येऊन बसली, कोरा कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"कुणाच्या नावानं लिहू, आत्याबाई?"

"नांदेडचं नगं," धुरपताबाई म्हणाली. "हितलाच पत्ता घाल."