जहाज खाली गेलं

तार आली तेव्हा चन्नाप्पा शाहूपुरीतल्या आपल्या अडत दुकानात गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, नखानं खरवडून चव बघत होता. शिपायाच्या हातातला कागद पाहिला आणि तो गूळ जिभेवरच राहिला. तार दोनच कारणांनी येते, असा पेठेत समज होता. एक, कोणी मेलं तर. दुसरं, कोणी मरायला टेकलं तर. आणि ही तार विशाखापट्टणहून आली होती.

विशाखापट्टणच्या सरकारी जहाज कारखान्यात चन्नाप्पाचा एकुलता एक मुलगा निजगुण नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी तो दुकानाची गादी सोडून निघाला, तेव्हा बापलेकांची चांगलीच जुंपली होती. "कोल्हापुरात रंकाळा हाय, समुद्र न्हाय. जहाजं करून ठेवतोस कुठं?" असं चन्नाप्पानं विचारलं होतं. पोरगा ऐकेना, तेव्हा रागाच्या भरात "बुडंल तुझं जहाज" असंही तो बोलून गेला होता.

तेव्हापासून निजगुण पत्र लिही ते आईला. गंगव्वा ती शेजारच्या यज्ञेश्वर मास्तरांकडून वाचून घेई आणि चन्नाप्पा पाठ फिरवून पान लावत बसे. एका पानाला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात त्याला सगळं समजलं होतं. कारखाना आधी एका कंपनीचा होता, तो सरकारनं घेतला. तिथं आठ हजार टन माल नेणारी जहाजं बांधतात, बाहेरून आलेल्या जुन्या जहाजांची दुरुस्ती करतात, आणि सध्या एका नव्या जहाजाच्या पोटाचे पत्रे बसवायच्या कामावर निजगुण आहे. एकदा जेवता जेवता तो बायकोला म्हणाला होता, "आठ हजार टन म्हंजे आपल्या पेठेतला दोन हंगामांचा तरी गूळ बसंल." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं ताक मागितलं होतं.

तार इंग्रजीत होती. ती घेऊन चन्नाप्पा तसाच मास्तरांच्या ओसरीवर गेला. मास्तरांनी तीस वर्षं अर्ध्या पेठेला इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"शिप वेंट डाऊन टुडे. कमिंग मंडे. निजगुण."

"म्हंजे?"

"म्हणजे आज जहाज खाली गेलं. सोमवारी येतोय."

"खाली कुठं गेलं?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "चन्नाप्पा, समुद्रात जहाज खाली जायला एकच जागा असते."

चन्नाप्पा पायरीवर बसला. पहिली गोष्ट त्यानं विचारली ती ही, "येतोय म्हंजे जित्ता हाय की त्यो?"

"आहे तर. पण कामाच्या दिवसांत एकदम घरी येतोय, म्हणजे..." मास्तरांनी चष्मा काढला. "सरकारी जहाज. कोणाला तरी जबाबदार धरणारच."

बाकीचं चन्नाप्पानं ऐकलं नाही. त्याच्या कानात आपलेच तीन वर्षांपूर्वीचे शब्द घुमत होते. आयुष्यात त्यानं अनेकांना शिव्याशाप दिले होते, हमालांना, गाडीवानांना, भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांना. एकालाही काही झालं नव्हतं. लागला तो नेमका पोटच्या पोराला दिलेला.

घरी जाऊन त्यानं गंगव्वाला सगळं सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून रडली. मग चन्नाप्पानं फर्मान काढलं, "पोरगं आलं की घरात जहाजाचं नाव काढायचं न्हाय. शेजारीपाजारीबी सांगून ठेव."

गंगव्वानं शेजारच्या तानाबाईला सांगितलं. कोणाला सांगू नको, असंही सांगितलं. त्यामुळं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी चन्नाप्पा उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीच्या कारखान्यात गेला. तिथं ऑइल इंजिनाचे भाग ओतायचे. शाळा सुटल्यावर निजगुण तिथं जाऊन बसायचा, आणि पोराला लोखंडाचा नाद लावला तो यानंच, म्हणून चन्नाप्पानं तीन वर्षं पिराजीला रामराम घातला नव्हता.

"पिराजी, पोरगं येतंय सोमवारी."

"मग गूळ वाटायचा सोडून त्वांड का पाडलंयसा?"

"त्याचं जहाज बुडालं."

पिराजीनं पट्टा सरकवून लेथ बंद केली. "आख्खं?"

"अर्धं बुडत असतंय व्हय?"

पिराजी खाली ठेवलेल्या लोखंडाकडं बघत राहिला. चन्नाप्पानं टोपी काढून हातात घेतली. पेठेत त्याला टोपीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

"त्याला तुझ्याकडं घे. मागशील तिथं जामीन म्हणून सही करतो. पण मी आलोतो म्हणून त्याला सांगू नगंस."

"टोपी घाला आधी," पिराजी म्हणाला. "घेतो की. माझ्याकडं पाण्याचा एक हौद तेवढा हाय. त्यात काय बुडवून बुडवणार त्यो."

सोमवारी मिरजेकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत चन्नाप्पा स्वतः स्टेशनवर उभा होता. निजगुण उतरला, रापलेला, खांदे रुंदावलेला. बापाला बघून तो जागीच थबकला.

"अप्पा? तुमी कशाला आलासा?"

"सहज," असं म्हणून चन्नाप्पानं त्याची ट्रंक उचलली.

"अप्पा, द्या हिकडं ती. तार मिळाली न्हवं?"

"मिळाली, मिळाली. चल, टांगा थांबलाय."

टांग्यात निजगुणनं दोनदा तोंड उघडलं. एकदा चन्नाप्पानं त्याला गुळाचा भाव सांगितला, एकदा ऊस कसा आहे ते सांगितलं. घराच्या दारात तानाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हात पाय धड हाईत न्हवं लेकरा. बाकी काय, येतंय परत." निजगुणला काही कळेना. गल्लीतली माणसं त्याच्याकडं बघून हळूच मान खाली घालत होती.

गंगव्वानं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. निजगुण जेवायला बसला आणि म्हणाला, "अव्वा, आमचं जहाज..." त्यासरशी ताटात पोळी पडली. "जहाजाला की अव्वा..." दुसरी पडली. पाचव्या पोळीनंतर त्यानं जहाजाचा नाद सोडला.

हात धुऊन बापलेक बाहेरच्या सोप्यात बसले.  निजगुण खाली बघत म्हणाला, "अप्पा, एक सांगू? जहाज खाली गेलं न्हवं, त्या घटकेला मला तुमचीच आठवण झाली."

 चन्नाप्पानं पानाचा डबा बंद केला.

"व्हणारच की. माझं चुकलं, लेकरा. मी तसं बोलायला नगं हुतं."

निजगुण बापाच्या तोंडाकडं बघतच राहिला. अप्पाचं चुकलं, हे वाक्य त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि खुद्द अप्पाच्या तोंडून तर नाहीच. तो उठून स्वयंपाकघरात गेला. "अव्वा, अप्पांना काय झालंय?" असं त्यानं विचारलेलं चन्नाप्पाला बाहेर ऐकू आलं. गंगव्वाला बोलायची बंदी होती. ती नुसतीच रडली.

तेव्हापासून निजगुण विचित्र वागू लागला. चन्नाप्पा दुकानात निघाला की तोही निघे. चन्नाप्पानं रव्याला हात लावला की धावत येऊन हातातून काढून घेई. पायऱ्या चढताना दंड धरी. "भूक लागती का? झोप येती का? डॉक्टरला दाखवलंसा काय?" असं विचारी. धक्क्यानं पोरगं हळवं झालंय, असं चन्नाप्पानं मनाशी धरलं आणि दंड धरू दिला. खरं म्हणजे त्याला ते आवडलंही.

बुधवारी निजगुण म्हणाला, "अप्पा, मी आता परत जात न्हाय. हितंच ऱ्हातो."

काढून टाकल्याचं पोरगं या शब्दांत सांगतंय, हे चन्नाप्पाला समजलं. तो मऊ आवाजात म्हणाला, "ऱ्हा की. पिराजीनं तुझी जागा ठेवलीया. मी बघितलंय सगळं."

"आधीच सगळं ठरवून ठेवलंसा?" निजगुणचे डोळे भरून आले. तो परसात निघून गेला.

गुरुवारी दुपारी यज्ञेश्वर मास्तर दुकानात आले. ऊन नसताना त्यांना घाम आला होता. पोरगा जवळ नाही असं बघून चन्नाप्पा मणाचा एक रवा खांद्यावर घेऊन आत ठेवायला चालला होता.

"चन्नाप्पा, खाली ठेवा तो," मास्तर म्हणाले. "तुम्ही फार आजारी आहात."

"कोण म्हणतंय?"

"निजगुण म्हणतोय. हा राजीनामा लिहिलाय त्यानं. इंग्रजी तपासायला माझ्याकडं दिला." मास्तरांनी कागद उघडला. "मराठीतच सांगतो. जहाज सुखरूप पाण्यात उतरलं, त्या कामाबद्दल आपण मला बढती दिलीत आणि रजा दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु वडील अखेरच्या दुखण्यात आहेत. ते कोणाला सांगत नाहीत, पण त्यांचा स्वभाव एकाएकी फार चांगला झालाय. म्हणून परत येता येत नाही."

चन्नाप्पाच्या खांद्यावरचा रवा घसरला आणि धप्पदिशी गादीवर पडला. आवाजासरशी मागच्या दारानं निजगुण धावत आला. बाप ताठ उभा होता.

"तुझं जहाज बुडालं न्हाय?"

"बुडतंय कशाला?"

"खाली गेलं म्हणून तार केलीस की."

"उतारावरनं खाली गेलं. किनाऱ्यावर बांधत्यात, आणि मग पाण्यात सोडत्यात. तारंत शब्द कमी बसत्यात, म्हणून उतार गाळला."

दोघांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, "भाषांतर बरोबरच होतं. उतार मला दिसला नाही." आणि ते पोत्यावर टेकले.

मग एकेक उलगडत गेलं. स्टेशनवर बाप का आला, पाच पोळ्या का पडल्या, तानाबाई काय परत येईल म्हणत होती. बोलता बोलता निजगुणला हसू आवरेना. चन्नाप्पा हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग जहाज खाली जाताना माझी आठवण का आली तुला?"

निजगुणचं हसू थांबलं. "एवढं मोठं धूड, अप्पा. दोन वर्षं त्याच्या पोटात काम केलं. सुटलं आणि आवाज न करता गेलं. वाटलं, अप्पांनी हे बघाय पायजे हुतं."

 चन्नाप्पानं राजीनामा मास्तरांच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि फाडला.

"रजा किती ऱ्हायलीया तुझी?"

"आठ दिवस."

चन्नाप्पानं गादीवरचा रवा बाजूला सरकवला, टोपी उशाला ठेवली आणि भर दुपारी, भर पेठेत, पाय पसरून आडवा झाला.

"अप्पा, काय हुतंय?" निजगुणनं घाबरून विचारलं.

"काय न्हाय. आठ दिवस मी आजारीच हाय," डोळे मिटून चन्नाप्पा म्हणाला. "माझ्या पायाशी बस हितं. आणि घाई न करता सांग, जहाज सोडताना पयला नारळ कोण फोडतंय?"