करडईच्या तेलातले लाडू

व्यंकटराव मास्तरांच्या घरी आंघोळीच्या घंगाळात एक मरळ मासा राहत असे. ज्या घरात लसूणसुद्धा चोरून यायचा त्या घरात हा पाहुणा, त्यामुळे हिवाळाभर सगळ्यांच्या आंघोळी बादलीवर. वहिनी वैतागून विचारत, "अहो, काय करून राहिले तुम्ही हे?" मास्तर म्हणत, "अभ्यास."

मास्तर नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी गणित. राज्य निजामाचं, म्हणून पुस्तक उर्दूत, पोरं मराठीत आणि परीक्षा देवाच्या हातात. त्या पुस्तकात बर्फाळ मुलखातल्या माशांवर एक पान होतं. ते मनावर घेणारे सगळ्या शाळेत मास्तर एकटेच. पाणी गारठलं की मासा आतली भट्टी मंद करतो, काळीज सावकाश चालवतो, खाणं जवळजवळ सोडतो. एवढंच नव्हे, अंगातली चरबीही बदलून घेतो. गारठ्यात थिजणार नाही अशी, पातळ.

हे पान मास्तरांच्या मनाला का लागलं ते गल्लीला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा अनंता सत्याग्रहात पकडला गेला होता आणि ऐन मार्गशीर्षात तुरुंगाच्या फरशीवर झोपत होता. लहानपणापासून त्याची छाती थंडीनं भरून यायची. पण मास्तर मुलाचं नाव काढत नसत. विषय निघाला की म्हणत, "भट्टी मंद ठेवायची, बापूराव. सगळी गंमत त्यातच हाय."

तसा विषय काढणारेही फार उरले नव्हते. सरकारची नजर फिरली तशी आमच्या गल्लीनं आपापली भट्टी मंद केली होती. रोज ओट्यावर पान खायला येणारे वकीलसाहेब आता मास्तर दिसले की बुटाची नाडी बांधायला वाकत. पायात चपला असत, तरी वाकत.

कचेरीचं तर विचारूच नका. मुलाला भेटण्यासाठी मास्तरांनी दिलेला अर्ज तिथं निपचित पडून होता. मेला नव्हता, हालतही नव्हता. "बघा," मास्तर कौतुकानं म्हणाले, "पुस्तक न वाचता जमलंय ह्यांना."

अखेर परवानगी आली. वहिनी जपून ठेवलेलं साजूक तूप काढून डिंकाचे लाडू करायला बसल्या आणि मास्तर आडवे आले. आदल्या संध्याकाळी माळवदावर ठेवलेल्या दोन वाट्या त्यांनी चुलीपाशी मांडल्या. एकीतलं तूप दगड झालं होतं, दुसरीतलं करडईचं तेल तसंच पातळ.

"पोराच्या अंगात थिजणारं काही जाऊ द्यायचं न्हाई. तेलात करा."

"तेलात डिंकाचे लाडू? तोंडात शेण घालतील लोक."

"घालू द्या."

वहिनी रडत, बडबडत तेलात डिंक तळू लागल्या. लाडू वळेनात, गुळाचा हात सैल सोडला तेव्हा कुठे बसले. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की पोरगा तुरुंगात आणि बाप तुपात काटकसर करून राहिला. वकीलसाहेबांना तर त्या दिवशी बोलायला भरपूर उत्साह होता.

भेटीला मी सोबत गेलो. मास्तरांच्या एका हातात डबा आणि काखेत नवी कोरी घोंगडी. दारावरच्या जमादारानं डबा उघडून हुंगला आणि आत घेतला. घोंगडीकडे बघून मात्र म्हणाला, "फिर ले आए, मास्टरसाब? कितनी बार बोलूँ, हुकूम नहीं है."

मास्तरांनी घोंगडी उलगडून दाखवली, त्याच्या हातापाया पडले. मला ते बघवेना.

भेट जाळीतून झाली. अनंता खोकत होता. लाडू तोंडात टाकून क्षणभर थबकला, मग म्हणाला, "आईच्या हातचे हायत." मास्तर त्याच्याकडे एकटक बघत राहिले, तो पुरता गिळेपर्यंत.

परतताना माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "मास्तर, माणसाचं रक्त गरम. तो मासा नव्हे. हे तुम्हीच पोरांना शिकवता."

"माहीत हाय हो." मास्तर चालता चालता थांबले. "पण अंगावर घालू देत न्हाईत, बापूराव. मग म्हणलं, पोटातून काही घालता येतंय का बघावं."

एवढं बोलून ते रस्त्यातच घोंगडीची घडी घालू लागले. ती काही त्यांना नीट जमेना. मी दुसरं टोक धरलं.