एकदा नको म्हणजे नको

हॉलंडहून परत आल्यापासून किशनराव वालूरच्या घरात कमी आणि हॉलंडातच जास्त राहत होते. शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात ते आठवडाभर जाऊन आले होते, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळा जन्म तिकडेच गेला.

"मनकर्णे, तिथं शेताला बांधच न्हाई. मधून पाण्याचा चर. बांध न्हाई म्हणल्यावर बांधाचं भांडण बी न्हाई!"

"मग माणसं दिवसभर करतात तरी काय?" मनकर्णाबाई भाकरी थापता थापता विचारायच्या.

गायी, हिरवी सपाट रानं, घराघरांतल्या सायकली, सगळ्यांचं कौतुक झालं. पण किशनरावांचं लाडकं प्रकरण म्हणजे तिथली माणसं. ज्या गोठेवाल्याच्या घरी ते उतरले होते, तो म्हणे जेवताना एकदाच विचारायचा. "हो म्हणलं की वाढणार, नको म्हणलं की उचलणार. ओढाताण न्हाई, अन्नाची नासाडी न्हाई. आजपासून आपल्या घरात बी आग्रह बंद!" तिथं काय काय खाल्लं, असं कोणी विचारलं की मात्र ते पुन्हा गायींकडे वळायचे.

हे सगळं ओसरीवर चाललं होतं तोवर ठीक होतं. पण रविवारी जिंतूरचे पाहुणे आले. किशनरावांची लेक राजेश्री आणि वैजीनाथरावांचा मुलगा शिवप्रसाद यांची पसंती झालेलीच होती. जेवणं उरकली की सुपारी फोडायची, एवढंच बाकी होतं.

बेत पुरणपोळीचा होता. वाढायला किशनराव स्वतः उभे राहिले.

"वैजीनाथराव, पोळी?"

"नको नको, बास!" वैजीनाथरावांनी ताटावर हात आडवा धरला.

एका पोळीवर थांबणारा पाहुणा आपल्याकडे अजून जन्माला यायचाय. हात आडवा धरायचा तो वाढणाऱ्याने बाजूला सारावा म्हणून. किशनरावांनी पोळ्यांची परात उचलली आणि सरळ आत नेली. वैजीनाथरावांच्या पत्नी छबूबाई लाजत "तूप नको" म्हणाल्या, तूप गेलं. शिवप्रसादने "भात नको इतक्यात" म्हटलं, तो भात परत आलाच नाही. दाराआडून मनकर्णाबाई डोळे वटारून थकल्या, पण किशनराव हॉलंडात होते.

"झालं ना सगळ्यांचं? हातावर पाणी घाला रे!" त्यांनी आवाज दिला.

वैजीनाथराव पाट सोडून उठले. "सुपारीचं घरी इचार करून कळवतो," म्हणाले आणि जीप निघाली. वाटेत पहिलं हॉटेल दिसताच पाहुणे भज्यांवर तुटून पडले, ही बातमी संध्याकाळच्या आत वालूरला पोचली. पाठोपाठ जिंतूरचा फोन आला. ज्या घरात वाढणाऱ्याचा हात आखडतो, त्या घराशी सोयरीक कशी करायची, असा सवाल होता.

राजेश्री कोपऱ्यात बसली. किशनराव ताट घेऊन गेले. "जेव माय."

"नको."

"असं काय करायलीस? दोन घास खा."

"एकदा नको म्हणलं ना, आण्णा? उचला ताट."

किशनरावांनी ताट उचललं. सकाळी काही न खाताच त्यांनी जिंतूरची एसटी धरली.

वैजीनाथरावांच्या घरी धपाट्यांचा वास सुटला होता. हात आखडला नव्हता, हॉलंडातली एकदाच विचारायची पद्धत पाळली, असं किशनरावांनी तिचं कौतुक करत सांगितलं. छबूबाईंनी धपाटे, दही, ठेचा असं ताट आणलं. "जेवता का?"

"नको नको, जेवूनच निघालो." जिभेला सवयच ती.

छबूबाईंनी ताट उचललं आणि आत निघाल्या. "तुमची पद्धत हाय, तिला बट्टा कशाला लावायचा?"

किशनराव ताडकन उठले. "बाई, थांबा! खरं सांगतो, तेवढं ताट न्हेऊ नका. हॉलंडात मी उपाशी होतो हो! पहिल्या दिवशी गोठेवाल्याची बायको बटाटे घेऊन आली. मी हातानंच नको केलं. वाटलं, दुसऱ्यांदा इचारील. ती बाई गेली ती गेलीच! रोज तेच. पोटभर जेवलो ते परत येतानाच्या इमानात, तिथं न इचारता पुढं ठेवत होते."

"मग त्याचं कौतुक काहून करायलाव?" वैजीनाथरावांनी विचारलं.

"समदं गाव इचारायलं, काय खाल्लं, काय खाल्लं. उपाशी आलो म्हणून सांगू का?"

वैजीनाथराव हसता हसता खोकू लागले. "गुरुवारी येतो सुपारी फोडायला. पण वाढायला मनकर्णाबाई पाह्यजेत!"

मग छबूबाई वाढायला बसल्या. किशनरावांनी आडवा धरलेला हात त्या दर वेळी बाजूला सारत होत्या आणि नवा धपाटा ताटात पडत होता. शेवटी किशनरावांना एसटीची पायरी चढवेना.

घरी दारातच राजेश्री उभी होती. "गुरुवारी सुपारी," एवढंच त्यांनी सांगितलं. लेकीचे डोळे भरून आले, आणि किशनरावांचेही. आतून मनकर्णाबाई गरम पोळ्यांचं ताट घेऊन आल्या. नवरा सकाळपासून उपाशी, याची त्यांना खात्री होती.

"नको गं, खरंच नको. पोटात जागा न्हाई."

"कळलं तुमचं नको," म्हणत त्यांनी पोळीवर तुपाची धार सोडली.

किशनराव मुकाट्याने पाटावर बसले. त्या गोठेवाल्याच्या बायकोची त्यांना आज पहिल्यांदाच मनापासून आठवण आली.